छत्रीच्या दांडीचा बाण

रिकाम्या ओट्यावरून माश्या हाकलायच्या, तर काळीज दगडाचं लागतं. सासूचं होतं. मासळीबाजाराच्या पत्र्याखाली, गळक्या नळाशेजारचा ओटा तिचा. सकाळी येऊन तिने तो ब्रशने खसाखसा घासला, वर बादलीभर पाणी ओतलं, मोठा सुरा डावीकडे आणि छोटी सुरी उजवीकडे मांडली, आणि राणीसारखी बसली. ओट्यावर मासा नव्हता. औषधालासुद्धा नव्हता. तरी थोड्या थोड्या वेळाने ती हातातला पुठ्ठा हलवत होती, समोर ताजा माल चमकतोय आणि त्याला कुणाची नजर लागू नये असं काहीतरी तोंडावर घेऊन.

सून मागे उभी होती. हातात रिकामी बादली. भरलेली बादली खांद्याला जड लागते, रिकामी मानेला.

"अगं, बसू दे की त्या बिचाऱ्या माश्यांना," शेजारच्या ओट्यावरची म्हणाली. हिला सगळा बाजार 'कातरी' म्हणायचा, आणि ते सुरीमुळे नव्हे, जिभेमुळे. "त्यांच्याशिवाय तुझ्या ओट्यावर येणार कोण आहे?"

आजूबाजूच्या चारपाच जणी हसल्या. सासूने पुठ्ठा हलवला.

मग बाजाराचा मुकादम आला. हा माणूस कधी ओरडत नसे, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटायची. "वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "नियम काही मी केलेला नाही. लागोपाठ तीन बाजार ओटा रिकामा, की ओटा दुसऱ्याचा. हा दुसरा."

"तलावात जलपर्णीचं जंगल झालंय, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं. पण बाकीचे आणतातच की."

"बाकीच्यांच्या होड्यांना इंजिनं आहेत. ते पार धरणाच्या भिंतीपाशी, मोकळ्या पाण्यापर्यंत जातात. आमची होडी बांबूवर चालते."

मुकादमाने मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. "आणि विकत आणून मांडू नका. बर्फातल्या माशाचा डोळा मला लांबून कळतो. इथे घरच्या हातचा मासा लागतो."

तो वळला तशी कातरीची भावजय पुढे आली. तिला गेल्या वर्षापासून ओटा हवा होता. तिने काही विचारलं नाही. ओट्याच्या कडेला वीत लावली आणि मोजायला लागली, एक, दोन, तीन. सासूच्या गुडघ्यापाशी तिची वीत अडली.

"जरा पाय घ्या," ती म्हणाली.

आणि सासूने पाय घेतले.

सुनेला वाटलं, आपल्याच पोटात कुणीतरी वीत लावली.

*

घर तलावाच्या काठावर होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला पाणी. म्हणजे एके काळी पाणी. आता नजर जाईल तिथवर जलपर्णी, हिरवीगार, जाड, वर निळीजांभळी फुलं. बाहेरगावची माणसं फोटो काढायला थांबायची. काठावरच्या माणसांना ती फुलं बघून शिव्या यायच्या.

सासरा, म्हणजे आबा, फेकजाळ्याचा राजा माणूस. त्यांनी जाळं फेकलं की हवेत परातीसारखं गोल उघडायचं आणि पाण्यावर टप् असा एकच आवाज यायचा. पण जलपर्णीवर फेकलेलं जाळं गादीवर चादर टाकल्यासारखं नुसतं पसरून राहतं. बुडतच नाही. आबा रोज सकाळी तरीही जात, रोज फेकत, आणि मग दुपारभर जाळ्यातून मुळं वेचत बसत. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, लांब खाडीत गाळ काढणाऱ्या बोटीवर कामाला गेला होता. तो इतक्यात यायचा नव्हता.

सून जाळ्याच्या घरातली नव्हती. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे काठावर तिचं नाव 'पंक्चरवाली'. तिला त्याचा राग येत नसे. तिच्या माहेरी कुठलीही वस्तू मरत नसे, नुसती दुसऱ्या जन्माला जायची. ट्यूबची पिशवी व्हायची, चेनची कडी व्हायची, मडगार्डचं सुपलं व्हायचं.

आणि तिला दिसलेली एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. जुना रस्ता जिथे तलावात बुडाला होता, तिथे दगडी कठड्याच्या कडेने जलपर्णीत भोकं राहिली होती. घागरीच्या तोंडाएवढी, काही परातीएवढी. सकाळी त्या भोकांतून मरळ वर यायची. मरळ मोठी अजब. राहते पाण्यात, पण अधूनमधून वर येऊन श्वास घेतल्याशिवाय तिला जगता येत नाही. अगदी सासुरवाशिणीसारखं. आधी चार बुडबुडे, मग काळं चपटं डोकं, एक गुळुक, की खाली गडप. तेवढ्याशा भोकात जाळं कुठलं फेकणार?

त्या दिवशी बाजारातून आल्यावर ती आबांसमोर उभी राहिली.

"आबा, मरळीला बाणाने मारलं तर?"

आबा मुळं वेचत होते. "कशाने?"

"धनुष्यबाणाने. बाणाला दोरा बांधून. लागला की ओढून घ्यायचा."

"आपण जाळ्याची माणसं," आबा मान वर न करता म्हणाले. "मासा आपल्याकडे आपल्या पायाने येतो. त्याच्या पाठीत मारायला आपण काय त्याचे भाऊबंद आहोत?"

"पण येत नाहीये ना तो."

"येईल."

"कातरीच्या भावजयीने ओटा मोजला, आबा. आईंना पाय उचलायला लावले."

आबांची बोटं थांबली. मग पुन्हा चालायला लागली. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. सुनेने ते आपल्या सोयीने ऐकलं.

*

धक्क्यामागे भंगाराचा ढीग होता. तिथून तिने पांढऱ्या पाण्याच्या पाइपाचा छातीएवढा तुकडा आणला, आणि एक लांब दांडीची काळी छत्री. कापड गेलेलं, मूठ गेलेली, काड्या उलट्या. पण दांडी लोखंडाची, सुतासारखी सरळ. बाण मिळाला म्हणून ती ढिगावरच दात काढून हसली, तेव्हा तिथल्या कुत्र्याने उठून जागा बदलली.

पाइप चुलीवर फिरवून फिरवून मऊ केला, दोन्ही टोकं किंचित पुढे वळवली. दोरी लावून ओढला तर खट्कन मधोमध मोडला आणि अर्धा तुकडा हनुवटीवर बसला. दात जिभेत रुतले. रक्त थुंकून तिने दुसरा तुकडा आणला. या वेळी होडीच्या मोडक्या बांबूची काठी तासून, तेल लावून, पाइपाच्या पोटात ठोकून बसवली. वर मधल्या भागाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गच्च गुंडाळल्या, मूठ झाली. बाण टेकवायला जुन्या चपलेचा तुकडा. पुढच्या बाजूला पाण्याची रिकामी बाटली आडवी बांधली, तोंड समोर, आणि तिच्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळला, म्हणजे बाण सुटला की दोरा बाटलीवरून सरसर निघून जाईल. बाणाच्या टोकाला घासून अणकुचीदार केलेला खिळा, आणि त्याच्या मागे सायकलच्या तारेचे दोन काटे, मागे वळलेले. आत गेलं की बाहेर यायचं नाव नाही.

एकच गोष्ट अडली. धनुष्याला दोरी हवी होती, न ताणणारी, न तुटणारी. तशी दोरी घरात फक्त एका ठिकाणी होती. आबांच्या जुन्या जाळ्याच्या काठाला.

"जाळ्याला हात लावायचा नाही," आबा म्हणाले.

"जुनं आहे ते, आबा."

"मी पण जुना आहे. मला कापतेस का?"

सासू आतून आली. हातात छोटी सुरी. खुंटीवरचं जुनं जाळं तिने ओढलं, मांडीवर घेतलं, आणि काठाची दोरी तीन हात कापून काढली. जाळं कापताना एकदाही नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"ओटा माझा आहे," ती म्हणाली, आणि दोरी सुनेच्या पुढ्यात टाकली.

आबा उठून अंगणात गेले. बराच वेळ पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

*

पहिला बाण अंगणात मारायचा ठरला. वाळकी जलपर्णी भरलेलं पोतं भिंतीला टेकवलं. सुनेने दोरी ओढली. खांद्यात कळ आली, पाइप कुरकुरला. तिने सोडलं.

काय झालं ते तिला आधी कळलंच नाही. बाण गेला, आणि अर्ध्या वाटेतून परत आला. दोरा त्याच्या शेपटीला बांधलेला, तो धनुष्याच्या दोरीत अडकला आणि ताणून झटक्यात उलटा फिरला. तिच्या कानाजवळून सूं असा आवाज गेला, मागे फट्ट झालं. तिने कानाला हात लावला तर बोटं लाल. मागे पाण्याचा निळा पिंप. त्याच्या पोटात बाण घुसला होता आणि बाजूने पाण्याची धार लागली होती.

आबांनी पुढे होऊन बाण ओढला. काट्यांमुळे भोक आणखी फाटलं. त्यांनी त्यात अंगठा घातला आणि तसेच वाकून उभे राहिले.

"आता घरात पाणीही राहायचं नाही," ते म्हणाले.

"अंगठा काढू नका," सासू म्हणाली.

"मी काय इथे जन्म काढू?"

सुनेने ट्यूबचा तुकडा आणला, पिंप घासला, सोल्युशन लावलं, ते सुकेपर्यंत फुंकर घालत बसली. आबा वाकलेले, ती उकिडवी, दोघांची तोंडं वीतभर अंतरावर. तिच्या कानावरून रक्ताचा थेंब पिंपावर पडला.

"डोळा गेला असता," आबा म्हणाले.

"हो."

"मग सोड ना."

"दोरा चुकीच्या जागी बांधला होता, आबा. बाण चुकला नाही."

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू आठवत होते, ही मुलगी आपण बघून आणली तेव्हा नेमकं काय बघितलं होतं.

संध्याकाळपर्यंत तिने तारेची एक कडी केली, बाणावर सैल सरकणारी. दोरा तिला बांधला. आता बाण सुटताना दोरा पुढे, धनुष्याच्या दोरीपासून लांब. पोत्यात तो असा घुसला, की काढायला पोतं फाडावं लागलं.

*

पण पोतं जमिनीवर असतं आणि मासा पाण्यात. धक्क्याजवळ जरा मोकळं पाणी होतं, तिथे तिने आपली जुनी चप्पल दगड बांधून बुडवली आणि तिच्यावर नेम धरला. बाण वरून गेला. पुन्हा मारला, पुन्हा वरून. धक्क्यावर लोक जमले. फुकटचा तमाशा कोण सोडतो.

"पंक्चरवाली चपला मारतेय," एकजण म्हणाला.

"मारू दे. पायातली आहे तोवर बरं, उद्या हातात आली तर?"

ती घामाने निथळत होती. दोरा गोळा करून करून बोटांना चरे पडले होते. शेवटी तिने बांबू घेतला आणि चपलेला टेकवायला खाली घातला. बांबू पाण्यात शिरताच मोडल्यासारखा दिसला. चप्पल दिसत होती तिथे नव्हतीच. त्याहून खाली होती. पाणी खोटं बोलत होतं, सरळ चेहऱ्याने. मग तिने नेम दिसणाऱ्या चपलेच्या खाली धरला, मनाला पटत नसताना, आणि बाण चपलेच्या टाचेतून आरपार गेला.

मघाचा तो एकजण चप्पल बघायला पाण्यावर वाकला.

आबा सगळ्यांच्या मागे उभे होते. दोरा गोळा करत ती त्यांच्याजवळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, "या दोऱ्याचं दुसरं टोक कुठे?"

तिने तेलाचा रिकामा कॅन दाखवला. "याला. मासा पळाला की कॅन पाण्यात जाईल. तो ओढत नेईल, दमेल. आपण मागून जायचं."

"कॅन बांधून मासे धरायचे?" आबा हसले, पण बरं नाही हसले. "दोर हातात नाही तो मच्छीमार कसला?"

फेकजाळ्याच्या दोराला टोकाशी फास असतो. तो मनगटात अडकवल्याशिवाय जाळं फेकायचं नाही, हे या घरात मुलाला बोलता येण्याआधी शिकवत. जाळं हातातून गेलं तर घर गेलं. आबांच्या उजव्या मनगटावर त्या फासाचा घट्टा होता, बांगडीसारखा गोल.

"जाळं पडतं तिथेच राहतं, आबा," सून म्हणाली. "मासा राहत नाही."

"चाळीस वर्षं मी मनगटाला बांधलंय."

"जाळं."

आबा काही बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा अर्थ तिने पुन्हा एकदा आपल्या सोयीने लावला, आणि ही तिची चूक झाली.

*

बाजाराच्या दिवशी सासू सुरी-सुरा घेऊन एकटीच पुढे गेली. "मी ओटा धुऊन बसते," एवढंच म्हणाली.

उजाडलं तेव्हा होडी बुडालेल्या रस्त्यापाशी पोचली होती. आबा बांबू टेकत होते, सून पुढे उभी, धनुष्य हातात. जलपर्णी होडीच्या दोन्ही अंगांना घासत होती, ओला, कुजका वास. कुठे पाखरू नाही, वारा नाही. नुसतं ते घासणं.

पहिल्या भोकात बुडबुडे आले. तिने दोरी ओढली, डोकं दिसलं, सोडली. बाण डोक्यावरून गेला. घाईत ती खाली धरायचं विसरली होती. दोरा ओढून घेतला, बाटलीवर गुंडाळला. बोटं सुजली होती, दोरीवर नीट मिटत नव्हती. दुसऱ्या भोकाशी बराच वेळ काही नाही. मग एक मोठी आली, दंडाएवढी जाड. बाण तिच्या पाठीला घासून गेला, एक खवला दोऱ्याला चिकटून आला.

लांब कुठेतरी इंजिनांचा आवाज आला. बाकीचे माल घेऊन परतत होते. बाजार भरायला लागला असणार.

"दे इकडे," आबा म्हणाले.

"आबा, मी मारते."

"तुझ्या हातात आता दोरी पुरी येत नाही. बघ तुझे हात."

तिने पाहिले. खरं होतं. तिने धनुष्य दिलं आणि मागे जाऊन बांबू घेतला. आबा पुढे गेले, पाठमोरे उभे राहिले. काहीतरी खुडबुड करत होते, बाटली सारखी करत असतील. मग त्यांनी पाय रोवले. साठीच्या माणसाची पाठ, पण धनुष्य ओढल्यावर ती पाठ जाळं फेकतानासारखी रुंद झाली. आणि "खाली धरा" असं तिने सांगायच्या आत त्यांनी स्वतःच बाणाचं टोक खाली केलं. धक्क्यावर सगळ्यांच्या मागे उभं राहून त्यांनी तेही पाहून ठेवलं होतं.

बुडबुडे आले. चार, पाच, सहा.

होडी किंचित कलली आणि काहीतरी घरंगळत सुनेच्या पायाशी आलं. तेलाचा कॅन. त्याला दोरा नव्हता.

तिने आबांच्या मनगटाकडे पाहिलं. नायलॉनचा फास, घट्ट, बरोबर त्या जुन्या घट्ट्यावर.

पाण्यातून डोकं वर आलं. एवढं मोठं डोकं तिने आजवर पाहिलं नव्हतं. आता हाक मारली तर मरळ जाईल. मरळ गेली तर ओटा जाईल. सासू आता ओटा धूत असेल. एका श्वासाचा प्रश्न होता, आणि तो श्वास तिने आत धरून ठेवला. मग तोंड उघडलं. "आबा..."

बाण सुटला.

लागला. थड् असा ओला आवाज झाला आणि भोकातलं पाणी उकळलं. बाटलीवरून दोरा सरसर, सरसर सुटत गेला, मग संपला. आबांचा हात खांद्यापासून पुढे ओढला गेला, जणू कुणी त्यांना बखोट धरून आत बोलावलं. धनुष्य पाण्यात पडलं. एक पाय काठावर अडकला, होडी आडवी झाली, आणि आबा डोक्यावर पाण्यात गेले. ओरडलेसुद्धा नाहीत.

जलपर्णी बाजूला झाली आणि पुन्हा मिटली. वर फुलं हलली, थांबली. आत माणूस आहे असं कुणाला सांगून पटलं नसतं.

सुनेने जलपर्णी कापायचा होडीतला विळा उचलला आणि उडी मारली. खाली पाय टेकत नव्हते. मुळं केसांसारखी अंगाभोवती, तोंडात, नाकात. डोळे उघडून उपयोग नव्हता, सगळं काळंहिरवं. ती हातांनी चाचपडत गेली. काहीच नाही. वर आली, डोकं जलपर्णीला आपटलं, बोटांनी ती फाडून श्वास घेतला, पुन्हा खाली. या वेळी तळहाताला दोरा लागला. तारेसारखा ताठ. तो धरून ती सरकत गेली, आणि हाताला हात लागला.

तो हात तिच्या मनगटाला असा चिकटला, की तीही खाली जायला लागली. तिने फास शोधला. तो मांसात रुतला होता, बोट आत जाईना. मग तिने दोरा शोधला, फासाच्या पुढचा, आणि विळ्याची धार त्यावर घातली. एकदा. निसटली. दुसऱ्यांदा.

ताण सुटला. दोघं वर आली, मुळांचा गालिचा डोक्यावर घेऊन. आबांनी तोंडातलं पाणी ओकलं. पहिला शब्द आला तो, "धर."

"काय?"

"दोर धर."

"कापला मी."

आबांनी डोळे मिटले. तिने त्यांना होडीच्या काठाला लावलं, स्वतः वर चढली, काखेत हात घालून ओढलं. होडीच्या तळाशी दोघं पालथी पडून राहिली. आबांचा हात मनगटापासून काळानिळा पडत होता. तिने अलगद फासाखाली विळ्याचं टोक सरकवलं आणि तो तोडला. कातडी त्याच्याबरोबर आली. घट्ट्याची बांगडी होती तिथे लाल, ओली बांगडी झाली. आबांनी दात आवळले.

"का कापलास?" ते म्हणाले. "ओटा गेला."

"मग काय, तुम्हाला मांडायचं होतं ओट्यावर?"

हे तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिला रडू फुटलं. आबा होडीच्या काठाला डोकं टेकून पाण्याकडे बघत राहिले. हरलेला माणूस बघतो तसं. मग तसं राहिलं नाही. मान ताठ झाली.

"ते बघ," ते म्हणाले.

"काय?"

"तो झुबका. फुलांचा. वारा नाही, आणि तो चाललाय."

कठड्याच्या कडेने जलपर्णीचा एक झुबका बाकीच्यांतून वाट काढत सरकत होता. थांबत होता, पुन्हा सरकत होता. दोऱ्याचं कापलेलं टोक मुळांत गुंतलं होतं, आणि मरळ तो सगळा झुबका ओढत होती.

सुनेने बांबू रेटला. असा तिने आयुष्यात कधी रेटला नव्हता. झुबक्याशी पोचताच तिने मुळांत हात घालून दोरा काढला, बोटांत घेतला.

"गुंडाळू नकोस हाताला," आबा म्हणाले.

"नाही."

"ओढू नकोस. जाऊ दे. जाऊ दे तिला. आता थांबली, आता घे. हळू. पुन्हा जातेय, सोड."

त्यांचा एक हात निकामी होता, पण आवाज तिच्या बोटांत शिरला होता. ती सोडत गेली, घेत गेली. दोऱ्याने बोटांचे जुने चरे उघडले. शेवटी काळं डोकं होडीला टेकलं, पाठीत छत्रीची दांडी, वाकलेली. आबांनी चांगल्या हाताने कल्ल्यात बोटं घातली, दोघांनी मिळून तिला आत घेतलं, आणि तिने एक फटकारा मारून आबांना पुन्हा पाडलं. मग सून सरळ तिच्यावर बसली.

*

ओल्या पोत्यात गुंडाळलेली मरळ खांद्यावर घेऊन सून बाजारात शिरली तेव्हा तिच्या केसांत मुळं होती, एक पाय अनवाणी होता, आणि लोक बाजूला होत होते. मागे आबा, हात सदऱ्याच्या फाडलेल्या बाहीत गुंडाळलेला.

ओट्याशी भावजय टोपली घेऊन उभी होती. शेजारी मुकादम. सासू अजून बसलेली होती, पण पुठ्ठा हलत नव्हता.

सुनेने पोतं ओट्यावर टाकलं आणि उघडलं. मरळ अजून जिवंत होती. तिने शेपूट आपटलं, ओट्यावरचं पाणी मुकादमाच्या चेहऱ्यावर उडालं.

कोणीच हसलं नाही. कातरी पहिली सावरली. "पाठीत भोक आहे हिच्या," ती म्हणाली. "असला मासा कोण घेणार?"

मुकादमाने बाहीने तोंड पुसलं. वाकला. डोळा पाहिला, कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला, मग छत्रीच्या दांडीवरून बोट फिरवलं. "कुणाच्या हातचा?"

सून आबांकडे बघायला लागली. बाजारभर माणसं, सगळी जाळ्याच्या घरांतली, सगळी आबांना फेकजाळ्याचा राजा म्हणून ओळखणारी.

"मारला मी," आबा म्हणाले. आवाज बसला होता. "मग मासा गेला आणि मीही गेलो. दोघांना हिने वर काढलं."

मुकादमाने त्यांच्या गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. मग तो भावजयीला म्हणाला, "पुढच्या वेळी बघू." ती टोपली घेऊन गेली. जाताना मरळीकडे एकदा वळून पाहिलं, आणि त्या पाहण्यात नुसता मत्सर नव्हता.

गिऱ्हाईक जमलं. सासूने मोठा सुरा उचलला, पण आधी बादलीतलं स्वच्छ पाणी घेतलं, आबांची बाही सोडली आणि मनगटावर धार धरली. कातडी गेलेल्या जागी तिचं बोट एकदा थांबलं, एवढंच. मग बाही पुन्हा बांधून तिने सुरा चालवला, काट्यांच्या पुढून मागून नीट कापत, आणि बाण मोकळा करून सुनेच्या हातात दिला.

सून नळाखाली तो धूत होती. आबा येऊन शेजारी उकिडवे बसले.

"वाकलाय," ते म्हणाले.

"सरळ होईल. धनुष्य मात्र नवं करावं लागेल."

"पाइप आहे अजून तिथे?"

"आहे."

आबांनी नळाखाली चांगला हात धरला, तोंडावर पाणी मारलं. चाळीस वर्षं होडी कधी सोडायची ते या माणसाने ठरवलं होतं, आणि घर त्याप्रमाणे उठलं होतं.

"झालं की सांग," ते म्हणाले. "कधी निघायचं ते."

"आणि तुमचा हात?"

"बांबू धरायला एक पुरतो."